पट्टी भरली होती, म्हणून

पडद्यावरची पट्टी भरलेली दिसली आणि मी हार्ड डिस्कची वायर खेचली. एवढाच माझा पराक्रम.

तेव्हा मी नुकतीच बँकेतून निवृत्त झाले होते. मुलाने जुन्या संगणकावर लिनक्स टाकून दिलं आणि या बाईंचे पाय जमिनीवर राहीनात. सोसायटीतल्या बायकांना ऐकवायची, "आपल्याला बंदबिंद करावं लागत नाही हं. चालू संगणकातून एक डिस्क काढायची, दुसरी लावायची!" जणू तव्यावरची भाकरीच उलटतेय. मुलगा बजावायचा, "आई, आधी 'सुरक्षित काढा' दाबत जा." मी "हो रे बाबा" म्हणायची आणि दाबायची नाही. आजवर कुठे काय बिघडलं होतं?

धाकटे दीर इथे गुजरातेत, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या डाइंगच्या कारखान्यात होते. ते गेले, आणि त्यांचा आवाज राहिला फक्त माझ्या संगणकात. एका दिवाळीत मुलाने मोबाईलवर त्यांच्या गप्पा रेकॉर्ड केल्या होत्या. तो मोबाईलही पुढे मोडला. गप्पांत धुळ्याकडची अहिराणी, मध्येच एखादी गुजराती शिवी आणि सारखी माझ्या जावेला हाक, "अगं, चहा!" स्वतःच्या मुला-सुनेच्या संसारात अडकलेली ती जाऊ एरवी कुठे बाहेर पडत नसे. पण दर रविवारी वाफवलेल्या डाळीचा गरम लोचो घेऊन माझ्याकडे यायची आणि ते ऐकत बसायची. हाक आली की हसायची.

संगणक भरत आला, म्हणून मी त्या गप्पा बाहेरच्या डिस्कवर हलवल्या. कॉपी नाही, कट! पट्टी झरझर भरली. मी वायर उपटून दुसरी डिस्क खोचली. पट्टी भरली तरी संगणक मागाहून बराच वेळ डिस्कवर लिहीत असतो, हे मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. इकडचं पुसलं गेलं होतं, तिकडे पोचलंच नव्हतं. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले.

हल्ली मी डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसते. शहाणपण आलंय, पण जपायला काय, तर बारशांचे फोटो.

गप्पा पुसल्या गेल्या त्यानंतरच्या रविवारी जाऊ आली. आधी मी संगणक बिघडल्याची थाप मारली, मग रडू फुटलं आणि खरं बोलले. तिने लोचो बशीत काढला, वर शेव घातली आणि बशी माझ्यापुढे सरकवली. स्वतःला घेतला नाही.

"जाऊ द्या अक्का, त्यांचा आवाज माझ्या कानात आहे. पण आता रविवारी सुनेला काय सांगून घराबाहेर पडू?"