कमरेएवढ्या बर्फातलं पाणी

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच, पण तेवढ्याने लिहिण्याचा अधिकार मिळत नाही हे मला कळतं. तरी एका ओहोळाबद्दल लिहायचं धाडस करतो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ग्लासगोला शिकताना बर्फ मोजायला मी स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये जात असे. तिथे डोंगराच्या पायथ्याशी एक मराठी काका-काकू राहायचे. काका हॉस्पिटलमधून रिटायर झालेले डॉक्टर. काकू राहत्या घरात बी-अँड-बी चालवायच्या, पाहुण्यांना खोली आणि सकाळचा नाश्ता. घरात पाणी यायचं ते ओहोळाचं, आणि ओहोळात यायचं ते वरच्या बर्फाचं.

त्या मार्चमध्ये बर्फ कमरेपर्यंत पडला. काका खूश. "यंदा चंगळ! सप्टेंबरपर्यंत चिंता नाही."

मी वर जाऊन पोकळ नळी बर्फात खुपसली आणि आत आलेला बर्फ तोलला. चार ठिकाणी तोलला, सगळीकडे हलकाच. पूर्वी हिवाळाभर थरावर थर दबत, आणि तो घट्ट बर्फ उन्हाळ्यात सावकाश झिरपे. आता मधेच उबदार पाऊस येतो आणि खालचे थर धुऊन नेतो. हा सगळा ताजा, भुसभुशीत बर्फ होता. वितळला तर जेमतेम घोट्याएवढं पाणी.

चहाच्या वेळी सांगायला जीभ रेटेना. "काकू, म्हणजे... मला वाटतं, ओहोळ जुलैत आटेल. वाहतोय तोवर मोठी टाकी बसवून भरून घ्या."

"अरे, खिडकीतून बघ जरा!" काका हसले. "कॉलेजात फूटपट्टी देत नाहीत वाटतं?"

"पाणी बर्फाच्या उंचीवर नाही काका, वजनावर असतं." हे बोलताना मात्र मी अडखळलो नाही.

काकूंनी कप खाली ठेवला. "माझं समर पूर्ण बुक्ड आहे. नळ कोरडा पडला तर पाहुण्यांना काय देऊ, डोंगराचा व्ह्यू? अहो, टाकी आणायची."

"आणि हा चुकला तर?"

"तर तुम्ही पोहा तिच्यात."

टाकी आली, भरली. माझ्या मापाची मला खात्री होती; तरी त्या घराचा अख्खा सीझन माझ्या शब्दावर उभा होता, म्हणून फोन वाजला की आधी काकूंचा नंबर आहे का ते बघायचो. जून गेला. जुलै संपता संपता काकूंचा फोन आला.

"ओहोळ थांबला रे, परवा. पाहुण्यांना पत्ताही नाही. शेजारचे कॅन घेऊन आले, त्यांनाही दिलं. आणि तुझे काका सगळ्यांना सांगत सुटलेत, टाकीची आयडिया त्यांची!"