लाथ आणि नमस्कार

मला बसवत नाही. कंपनीत होतो तोवर बरं होतं. धाग्याच्या मशीनी रांगेनं उभ्या, आणि आपण मधल्या गल्लीत सारखं इकडून तिकडं. धागा तुटला, जोड. परत तुटला, परत जोड. पायांना थांबायची सवयच लागली नाही. मग एके दिवशी हार घातला, घड्याळ दिलं आणि म्हणाले, आता आराम करा. आराम कसा करतात ते मात्र कुणी दाखवलं नाही.

इथे गुजराती मुलखाच्या कडेला, डोकमर्डीत माझी चाळ आहे, माझ्या हातानं उभी केलेली. पुढे आम्ही दोघं, मागच्या खोल्यांत भाडेकरू, बहुतेक आमच्याच धुळे-नंदुरबारकडचे, कंपन्यांत लागलेले. मी दिवसभर अंगणात फेऱ्या मारायचो. बायको म्हणाली, "अहो, फरशी झिजली. कुठंतरी कामाला लागा." म्हणून शेजारच्या आमलीतल्या एका हॉलवर राखणीला लागलो. संध्याकाळी कुलूप काढायचं, लोक गेले की लावायचं. तिथे साखरपुडे व्हायचे, बारशी व्हायची, आणि मधल्या दिवसांत तायक्वांदोचा क्लास.

तायक्वांदो म्हणजे कोरियातली लाथांची विद्या. हाताचंही काम आहे, पण मुख्य पाय. शिकवणारी मुलगी पंचविशीची, सगळे तिला मॅडम म्हणायचे. वडील कोकणातले, इथे शाळेत मास्तर. तिच्या कमरेचा काळा पट्टा कडेनं उसवून पांढरा पडला होता. मी खिडकीत उभा राहायचो आणि तोंडाला कुलूप नव्हतं.

"अरे, लाथ मारतोय का चिखलातून पाय काढतोय?"

पोरं हसायची. एकदा ती शिकवायचं थांबवून खिडकीपाशी आली. "काका, बाहेरून बोलायचं नाही. आत येऊन करून दाखवा."

"दाखवीन की!"

"या मग. चप्पल काढा, दारात वाका, आणि या."

वाकायचं म्हटल्यावर मी थबकलो. सुपरवायझरपुढे कधी वाकलो नाही. विचारलं, "कुणाला वाकू?"

"जागेला. आपण शिकतो ती जागा."

देवळाच्या उंबऱ्याला हात लावतो तसं काही असेल तर चालेल, म्हणून वाकलो. आत जाऊन पाय उचलला तो कमरेपर्यंतही गेला नाही, आणि मी धाडकन बसलो. हसू आलं असेल तिला, पण दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, "उद्या वेळेवर या." मी दुसऱ्या दिवशी तिच्या आधी हजर. कुलूप माझ्याकडेच होतं ना.

तिथली रांग वयानं लागत नाही, पट्ट्यानं लागते. नवा माणूस पांढऱ्या पट्ट्याचा, सगळ्यांच्या मागे. माझ्यापुढे दुसरीतली एक चिमुरडी उभी राहायची, तिचा पट्टा पिवळा. जोडी लावली की आधी मी तिच्यापुढे वाकायचं. ती डोळे बारीक करून बघायची. "आजोबा, अजून खाली." घरी माझ्या नातवंडांची हिंमत नाही असं बोलायची. मी अजून खाली वाकायचो, आणि कान तापायचे.

शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातली अर्धी गुरांमागे. पण कोरियन आकडे कानानंच उचलले. हाना, दुल, सेत. अंगणात मोठ्यानं म्हणत लाथा मारायचो, एका पोत्यात चिंध्या भरून ते पेरूला टांगलं होतं. बायको आतून ओरडायची, "कुणाला शिव्या देताय सकाळच्या पारी?"

त्याच पोत्यामुळे माझा भाडेकरू लागला मागे. शिरपूरकडचा जवान गडी, शेवटच्या खोलीत एकटा राहायचा, धाग्याच्याच कंपनीत. दोन-चार दिवस दारातून बघितलं, मग म्हणाला, "बाबा, मीबी येऊ का?" म्हटलं, वाकावं लागतं. म्हणाला, "त्यात काय." त्याला खरंच त्यात काही नव्हतं. रात्रपाळी असली की सकाळी येऊन झोपायचा, संध्याकाळी क्लास करून तसाच ड्यूटीला. दिवसपाळी असली की कंपनीतून थेट, केसांत धाग्याचा पांढरा भुसा. उशीर झाला तर नियमाप्रमाणे दारात उभा राहायचा, मॅडम खूण करीपर्यंत. उभ्या उभ्या पेंगायचा. पण यायचा. आम्ही दोघं एकाच दिवशी पिवळे झालो.

हिरव्याची परीक्षा आली तेव्हा मॅडमनं मला बाजूला घेतलं. "काका, हिरव्याला फाइट असते. तुमच्या वयाला ती माफ आहे. पूमसे नीट करा, पट्टा मिळेल."

पूमसे म्हणजे समोर कुणी नसताना एकट्यानं ठरलेले हात-पाय करून दाखवायचे. समोर कुणी नसताना काय, मी अंगणात रोजच शूर असतो.

"माफीचा पट्टा मला नको," मी म्हणालो.

"काका, हट्ट करू नका."

"हट्ट नाही. पोरांना जे आहे ते मला. नाहीतर पिवळाच बरा."

ती म्हणाली, डॉक्टरला दाखवून या. दाखवून आलो. मग तिच्या अटी: डोक्याला लाथ नाही, चेस्ट गार्ड घट्ट, आणि ती थांब म्हणाली की थांबायचं. माझ्या वजनाला बसणारा एकच निघाला. माझा भाडेकरू.

आणि तिथं सगळं अडलं.

आपल्याकडे पाय लागला की काय करतो माणूस? चालता-बोलता कुणाला पाऊल घासलं तरी हात आपोआप पुढे जातो, त्याला लावायचा आणि आपल्या छातीला न्यायचा. विचार करावा लागत नाही. हा गडी दुसऱ्यांशी खेळताना दणादण मारायचा. माझ्यासमोर आला की पाय डास बसावा तसा माझ्या गार्डला टेकायचा, आणि लगेच हात माझ्या खांद्याला नि त्याच्या छातीला. पुन्हा लाथ, पुन्हा नमस्कार.

"हात वर! गार्ड कुठंय?" मॅडम ओरडायची.

"मॅडम, आपोआप जातो."

"बाकीच्यांना का नाही जात?"

"ते बाबा नाहीत ना."

पोरं लोळायची हसून. मी दात चावायचो. दोष त्याच्या एकट्याचाही नव्हता. माझा पाय लागला की माझाही हात निघायचा. समोरचा माझ्या मुलाच्या वयाचा, तरी निघायचा.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, कमी बोलणारे. आमची फाइट सुरू झाली. तो टेकवतोय, छातीला हात नेतोय, मी टेकवतोय, मी हात नेतोय. थोडा वेळ त्यांनी बघितलं, मग हात वर करून थांबवलं. "ये फाइट है के भरत मिलाप?"

दोघंही नापास. पोरं हिरवे पट्टे बांधून आयांना दाखवत होती आणि आम्ही पिवळे तसेच. माझं रक्त चढलं. मॅडमला गाठून म्हटलं, "मला केलंत ते ठीक. त्याला का? त्याच्याएवढी चांगली लाथ इथं कुणाची आहे?"

"चांगली आहे म्हणूनच. त्यानं मारली नाही."

"म्हाताऱ्याला कशी मारील?"

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "काका, माफी नको होती ना तुम्हाला? मी दिली ती घेतली नाहीत. त्यानं दिली ती घेतलीत."

कुलूप लावलं आणि चालत घरी आलो, रिक्षा केली नाही. दुसऱ्या दिवशी पोत्याला इतक्या लाथा मारल्या की शिवण उसवून चिंध्या अंगणभर झाल्या. अन्न गोड लागेना. उठायचो, बसायचो, परत उठायचो.

भाडेकरू क्लासला यायचा बंद झाला. विचारलं की ड्यूटी आहे म्हणायचा. आमचाच धाग्याचा धंदा, पाळ्या मला पाठ. ड्यूटी नव्हती. शेवटी त्याच्या खोलीत जाऊन खाटेवर बसलो. तो उभाच.

"का येत नाहीस?"

"माझ्यामुळं तुमचा पट्टा गेला, बाबा."

"आणि तुझा माझ्यामुळं. फिटलं. आता मारायला शीक."

"माले जमत नही." घाबरला की त्याच्या तोंडात अहिराणी यायची. "मी इथं नवीन होतो, तापानं पडलो, तर तुमच्या घरातल्या आईनी महिनाभर जेवू घातलं. त्या घरच्या माणसाला लाथ मारू? गावाकडं कळलं तर बाप दारात उभा करणार नाही."

"बापाला कोण सांगतंय?"

"तुम्ही मला मारा ना, बाबा. पाहिजे तेवढं. मी खातो."

"मुडद्या, तू खाणार आणि मी हिरवा होणार? मग ते पोतं काय वाईट होतं?"

बायको दारात येऊन उभी होती. "त्या पोराला कशाला पापात पाडताय? हौस तुमची, आणि दोष त्याला."

"हौस नाही ही," मी ओरडलो. खरंच ओरडलो. "मी दुसरीतल्या पोरीपुढे वाकतो! का वाकतो? तिथं वय चपलांपाशी ठेवून जातो मी. हा ते उचलून परत माझ्या अंगावर घालतो. सगळे तेच करतात. काका बसा, काका राहू द्या, काका तुम्हाला माफ. मी मेलो नाही अजून!"

शेजारच्या खोलीतला टीव्ही बारीक झाला.

मग बायकोच म्हणाली, त्याला, मला नाही, "असं कर. लाथ मारल्यावर नमस्कार करतोस ना? तो आधीच करून टाक. सगळ्या लाथांचा एकदम. मग हात मोकळा."

मी म्हणालो, "पाया पडून मग हाणायचं? हे कुठलं शास्त्र?"

"तुमच्या कोरियात नसेल. माझ्या घरात आहे."

मी जाऊन सांगितल्यावर पुढच्या शनिवारी मॅडमनं फक्त आमच्या दोघांची परीक्षा ठेवली. तोवर माझा हातही बांधून ठेवायचा होता. कंपनीत तुटक्या धाग्याचा कचरा निघतो, त्याला आम्ही वेस्ट म्हणतो. भाडेकरूनं त्याचे दोन बोळे आणून दिले. ते मुठीत धरायचे, मुठी हनुवटीशी, आणि पोत्याला लाथ. मूठ उघडून हात नमस्काराला निघाला की बोळा पडायचा. आधी सारखे पडायचे. नंतर पडेनासे झाले.

शनिवारी निघायच्या आधी अंगणात तो वाकला. नुसतं हात लावून उठला नाही. डोकं माझ्या पायांवर ठेवलं आणि ठेवूनच राहिला. मला ते सहन होईना, पाय मागे घेणार तोच बायकोनं डोळे वटारले. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्याही पाया पडला. ती म्हणाली, "उजव्या गुडघ्याला जप त्यांच्या. बाकी कुठंही मार."

हॉलमध्ये पोरं, त्यांच्या आया, सगळे भिंतीला. आम्ही एकमेकांपुढे वाकलो. मॅडम म्हणाली, "शिजाक!" म्हणजे सुरू.

पहिली लाथ त्यानं हवेत घालवली. दुसरी गार्डला लागली, बरीच. त्याचा हात हलला, पण हनुवटीशीच राहिला. मी पुढे सरकलो, पाय उचलला, आणि तेवढ्यात आली. गोल फिरून, कमरेतून, जशी तो बाकीच्यांना मारायचा तशी. बरगडीखाली गार्डवर बसली तो आवाज मला आधी ऐकू आला. मग छत दिसलं.

श्वास सापडेना. भिंतीजवळून कुणाची तरी आई गुजरातीत म्हणाली, "अरे, दादाने उभा करो ने कोई!" दोन बायका मला उचलायला पुढे निघाल्या. मॅडमनं नुसता तळहात दाखवला, त्या जागेवरच थांबल्या. तो माझ्यासमोर उभा होता. चेहरा पांढरा, मुठी हनुवटीशी. त्या खाली आल्या नाहीत.

मॅडम माझ्यापाशी वाकली, डोळ्यांत बघितलं, बोट नाचवून मी बघतोय का ते पाहिलं. मग सरळ झाली आणि म्हणाली, "उठा."

काका म्हणाली नाही. लागलं का म्हणाली नाही.

आधी एका गुडघ्यावर आलो. एक हात टेकला, मग तो उचलला, कारण टेकून उठायचं मला नव्हतं. उभा राहिलो. पट्टा सरकला होता तो ओढून घेतला. ती म्हणाली, "शिजाक."

त्याला वाटलं असेल, म्हातारा आता दमानं घेईल. मी दमानं घेतलं नाही. त्याची डावी बाजू उघडी होती, तिथं पाय घातला, आणि किंचाळलो, क्लासमध्ये शिकवतात तसं, पोटातून. तो दोन पावलं मागे गेला. माझ्या उजव्या हाताला आतून ओढ लागली, छातीकडे जायची. बोटं आवळून धरली. मग त्यानं मारली, मी मारली, त्याच्या जास्त लागल्या. मॅडमनं थांबवलं तेव्हा मला घाम दिसत होता, माणसं दिसत नव्हती.

हिरवा पट्टा तिनं आधी त्याला बांधला. मग माझ्यापाशी आली, गाठ मारली, दोन्ही टोकं ओढून सारखी केली. "आजपासून रांगेत तुमची जागा पुढे सरकली," म्हणाली. "आणि सोमवारी उशीर नको."

"कुलूप माझ्याकडे आहे," मी म्हणालो. बोलताना बरगडीत कळ आली.

परत येताना त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो. प्रत्येक स्पीड ब्रेकरला जीव वर यायचा. त्याला समजत होतं, गाडी मुंगीच्या पायानं चालवत होता. डोकमर्डीच्या वळणावर येईपर्यंत त्यानं धीर धरला.

"बाबा, लागलं का?"

"लागलं."

"लई?"

"लई."

थोडं पुढे गेलो. "राग आला?"

"गाडी जोरात घे," मी म्हणालो. "आणि ती डावी बाजू उघडी सोडतोस तू. सकाळी अंगणात ये, दाखवतो."