भरल्या बाजारातला पंचनामा

ती केस आठवली की आजही माझी मान खाली जाते. आणे पठारावरचं एक गाव, आणि तिथं ई-सेवा केंद्र चालवणारी तिशीतली बाई. मेंढपाळाच्या घरची, बारावीनंतर स्वतःच्या हिमतीवर संगणक शिकलेली. सात-बारा, दाखले, आधारचे कागद, सगळ्यासाठी गाव तिच्याकडेच यायचं.

एक दिवस आमच्या पोलीस ठाण्यात परराज्यातल्या पोलिसांचा फोन आला. लोकांना फसवायला वापरलेली चार सिमकार्डं आमच्या हद्दीतल्या माणसांच्या नावावर निघाली होती. चौघेही म्हातारे. एकाला तर वाजलेला मोबाईल उचलता येत नव्हता. दुसऱ्याच दिवशी आमच्या खबऱ्याने सांगितलं, "सायेब, चौघांचे कागद एकाच ठिकाणी गेल्यात. बाईच्या सेंटरात."

मी लगेच जीप काढली. त्या दिवशी गावचा आठवडे बाजार होता. दोन पंच उभे केले, पंचनामा करून संगणक जप्त केला, सील लावलं आणि महिला शिपायासोबत तिला जीपमध्ये बसवलं. भाजीचे वाटे तसेच टाकून माणसं बघायला आली होती.

जप्तीच्या वेळी संगणकावर एक बंदुकीचा खेळ उघडा दिसला होता. चौकशीला बसल्यावर विचारलं, "संगणकावर हा बंदुकीचा खेळ कोण खेळतं? नवरा?"

"मीच खेळते साहेब. दुपारी गिऱ्हाईक नसतं तवा."

माझा एक शिपाई तो खेळ जाणून होता. खेळातली तिची पातळी त्याने जप्तीच्या वेळीच पाहिली होती. म्हणाला, "साहेब, बाईंचा नेम आपल्या सगळ्यांपेक्षा बरा आहे." मला काही ते पटलं नाही. ती कुणाला तरी पाठीशी घालतेय, असं मी धरून चाललो.

त्या खेळासोबत एक रखवालदार सॉफ्टवेअर येतं. कुणी लबाडीने खेळत नाही ना, हे पाहायला ते सगळ्या संगणकावर नजर ठेवतं. ते आपण बंद पाडल्याचं तिनेच सांगितलं. खेळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एका अनोळखी माणसाने तिला एक फाईल दिली होती. ती टाकली की खेळ रखवालदाराशिवाय चालायचा.

"का बंद केलंस?"

"त्ये समदं बघतं म्हनं. लोकांचे आधार व्हते आत. परक्याला कसं दाखवू?"

"म्हणजे लपवायचं होतं."

"लोकांचंच लपवत व्हते, साहेब."

मी हसलो. चोरी करायची नसेल तर रखवालदाराला कोण घालवतं, असं माझं म्हणणं. दोन दिवस तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. ती रडली नाही, पण दुसऱ्या दिवशी बोलायचीच थांबली. आता कबुली येणार, असं मला वाटलं.

आला तो जप्त संगणक तपासणाऱ्या पुण्याच्या सायबर तज्ज्ञाचा अहवाल. ग्रुपमधून आलेली ती फाईलच चोर होती. तिच्या वाटेने कागद परस्पर बाहेर जात होते. बाई माहेरच्या लग्नाला गेली होती, केंद्राला कुलूप होतं, संगणक मात्र चालू राहिला होता, तेव्हाही कागद गेले होते. कामाच्या संगणकावर खेळायला नको होतं, ही तिची चूक खरीच. पण लोकांचे कागद जपायच्या नादात ती फसली होती, आणि हे तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. फाईल देणारा आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही.

तिचा गुन्ह्याशी संबंध नसल्याचं पत्र मी तहसील कार्यालयाला पाठवलं. तोवर केंद्र दुसऱ्याला दिलं गेलं होतं. संगणक परत द्यायला मी स्वतः गेलो, तेव्हा ती मेंढ्यांना पाणी पाजत होती.

"साहेब, नेलंत तवा बाजार भरला व्हता. माझा गुन्हा न्हाई, हेबी भरल्या बाजारात येऊन सांगा. लोक अजून मला बघून आवाज बारीक करत्यात."

"बघतो," म्हणालो.

निवृत्तीला तेव्हा चार महिने होते. बाजार दर आठवड्याला भरत होता, जीप होती, वेळही होता. लाज आड आली, दुसरं काही नाही. माणसाला नेताना आम्हाला गर्दीची फिकीर नसते, सोडताना मात्र पत्रावर भागवतो. हे त्या बाईमुळे कळलं, आणि कळूनही मी गेलो नाही. आता लिहायला बसलो, तर अशा पोलिसी आठवणींत कुणाचं नाव घालायचं नसतं. म्हणजे तिचा काही गुन्हा नव्हता, हे आजही मी तिचं नाव न घेताच सांगतोय.