साफ केलेली कॅसेट

"ताई, साफ केली तरी कॅसेट बोलत नाय," असं म्हणत हरीशेठ दुकानात शिरले, आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. हेड साफ करतात. कॅसेट कोण साफ करतं?

पनवेलला मी जुने टेपडेक आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. हरीशेठ जवळच्या कोन गावचे. गोडाऊनचं भाडं येऊ लागलं तसा त्यांना ऑडिओचा नाद लागला. माणसाएवढे स्पीकर, परदेशी डेक, अंगठ्याएवढी जाड वायर. मी नको म्हटलेलं सगळं घरात आलं होतं. पण या कॅसेटवरून मी त्यांची कधी थट्टा केली नाही. तिच्यात त्यांच्या आईचा आवाज होता. आई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. ती गेली, आणि दुसरं रेकॉर्डिंग नाही. मुलीच्या हळदीला आजीचे धवले वाजवायचे, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

"कशानं साफ केलीत?"

"आवाज दबका येत व्हता. ग्रुपवर इचारलं. एक जन बोलला, आदी साफ करून घे. मंग मशीनच मागवली."

त्यांनी पिशवीतून मशीन काढलं. इस्त्रीसारखं चपटं, आत कॉइल. तो इरेझर होता. कॅसेटवरचा आवाज म्हणजे पट्टीवर चुंबकाने उमटवलेल्या खुणा. इरेझर फिरवला की दोन्ही बाजूंच्या खुणा एकदम जातात. जुन्या टेप पुन्हा वापरायच्या असतील तर ते बरंच असतं.

आवाज दबका येत होता तो डेकच्या हेडवर मळ बसला होता म्हणून. हेड म्हणजे पट्टीला टेकून आवाज वाचणारा भाग. कापसाला स्पिरिट लावायचं, हलक्या हाताने फिरवायचं, काम झालं. ग्रुपवरचा माणूस हेडबद्दलच बोलला असणार. विकणाऱ्यानेही 'टेप साफ करते' असंच लिहिलं होतं. तेही खोटं नव्हतं.

मी कॅसेट लावली. नुसती खरखर. उलटी केली. तेच.

"आवाज वाढवा."

वाढवला. खरखर मोठी झाली.

"काम्पुटरवर काडता येल ना? खर्चाचं बगू नका."

"शेठ, दबलेलं असतं तर काढलं असतं. आत काही उरलेलंच नाही."

"कायतरी असंल, ताई."

"नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. स्पीकरच्या वायरीबद्दल मला चार-चारदा फोन करणाऱ्या माणसाने यासाठी एक फोन करू नये? पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि राग गिळून कॅसेट बाहेर काढली.

"परत लावा," ते म्हणाले. "सुरवातीपासून."

लावली. ते स्टुलावर डोळे मिटून बसले. मध्येच म्हणाले, "हितं आय खोकली व्हती." डेकवरच्या आवाजाच्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आता बाया हसतील." कोणी हसलं नाही. बाजू संपली, डेकचं बटण खट्कन वर आलं.

"पोरीला सांगू नका. मी सांगंन, मशीन बिगडली."

हळदीला डीजे वाजला, असं कळलं. मी गेले नाही.

तेव्हापासून दुकानात मी कोणालाही 'साफ करा' म्हणत नाही. काही दिवस 'पुसा' म्हणून पाहिलं. तोही तसलाच शब्द निघाला. आता एवढंच सांगते, हात लावू नका, इकडे घेऊन या.