आधी दिवा लाव

तिसरी शिफ्ट सुटली की भिवाकाका स्वतःच्या दाराऐवजी माझं दार वाजवतात. "चालू कर रे तुझा बंगला." निघोज्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांची खोली माझ्या खोलीला लागून आहे. मी त्यांच्याच कंपनीत स्टोअरला, दुसऱ्या शिफ्टला. म्हणजे सकाळी मी मोकळा आणि ते अर्धे झोपेत.

बंगला म्हणजे माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरचा गेम. समुद्राकाठचं घर, बाहेर कायम धुकं, आतून सोन्याचं घड्याळ चोरीला गेलेलं. आपण डिटेक्टिव्ह. खोल्याखोल्यांतून फिरायचं, कोडी सोडवायची आणि शेवटी चौघांपैकी एकाचं नाव सांगायचं: मालक, पुतणी, डॉक्टर नाहीतर मोलकरीण. नाव एकदाच सांगता येतं.

इंग्रजी मी वाचून सांगतो, माऊस काकांकडे. या माणसाने सव्वीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढलीत. लोखंडी ब्रॅकेट हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा, चीर दिसली तर लाल ट्रेमध्ये टाकायचा. बंगल्यातही तेच. प्रत्येक खण उघडून बघतात, आणि बघून झाला की बंद करतात.

"काका, उघडा राहिला तरी चालतो."

"तुला चालतो. आपल्यात वस्तू जागच्या जागी."

एकदा मोलकरणीच्या चपला सरळ लावता येतात का, हे बघण्यात त्यांनी पाऊण तास घालवला. तेवढ्यात चोर बोटीत बसून दोन गावं पुढे गेला असता.

पण मला वाटायचं, ते चोर शोधायला येतच नाहीत. रात्रभर मशीनच्या आवाजात उभं राहिलेल्या माणसाला त्या धुक्यातल्या खिडकीशी नुसतं उभं राहायला बरं वाटत असावं. त्यांचे डोळे मिटत येत, माऊसवरचा हात संथ होई, आणि पडद्यावरचा समुद्र नि खालच्या रस्त्यावरच्या कंटेनरची घरघर एकमेकांत मिसळून जाई. "लाटांचा आवाज झकास बसवलाय," ते पुटपुटत. कंटेनरचं श्रेय मी खुशाल गेमला देऊन टाकायचो.

मागच्या आठवड्यात मात्र ते टक्क जागे आले. गिऱ्हाइकाकडून अकरा ब्रॅकेट परत आले होते, चीर गेलेले. पहिल्या शिफ्टच्या दिपालीच्या टेबलावरून ते पास झाले होते. दिपाली ठेक्यावरची. रिपोर्टात तिचं नाव आलं की गेटवर तिचा पास चालणार नव्हता. आणि रिपोर्ट लिहायचा होता काकांनी, शनिवारपर्यंत.

"व्हाय-व्हाय लिहायचंय," ते म्हणाले. म्हणजे चूक का झाली, मग ते का, असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. "साहेब म्हणतात, पाच कशाला? पहिल्यालाच नाव टाका, मोकळे व्हा."

"टाका की मग. टेबल तिचंच होतं ना?"

काकांनी मला असं न्याहाळलं की मी आता लाल ट्रेमध्येच जाणार. "ट्रेनिंगला शिकवलंय, माणूस हे कारण नसतं. माणसापाशी थांबला तो आळशी."

बंगल्यातही तेच अडलं होतं. सगळे पुरावे मोलकरणीकडे बोट दाखवत होते. "हीच आहे काका, दाबा," मी म्हणालो. त्यांनी बाण तिच्या नावावर नेला. थांबले. मग मागे फिरून घड्याळाच्या खोलीत गेले.

"इथं अंधार हाय. आधी दिवा लाव."

"तो नुसता शोभेचा असणार."

"उजेडाशिवाय तपासणी कसली रे?"

त्यांनी दिव्यावर माऊस टेकवला आणि दिवा खरंच लागला. खोली पिवळी झाली, आणि कपाटाखाली डॉक्टरच्या कोटाचं बटण चमकलं. मी ओरडलोच. काका मात्र दिव्याकडेच बघत राहिले.

"दिपालीच्या टेबलावरची ट्यूब," ते हळूच म्हणाले, "महिना झाला फडफडतीय."

"मग सुटलं की कोडं!"

"आरं, पुढं विचार. फडफडत का राहिली? तिनं सांगितलं न्हाई, ठेक्यावरचं माणूस कुठं तक्रार करतं? पण शिफ्ट सोडताना सगळ्या टेबलांच्या चेकशीटवर 'उजेड ठीक' अशी टिक कोण मारतं?"

काकांनी माऊस सोडून बोट स्वतःकडे वळवलं.

"मी. मान वर न करता. मला चीर बोटालाच कळती, उजेड लागतोय कुणाला!"

तेवढ्यात काकांच्या खोलीतून सोजरबाई काकू पोह्यांची ताटली घेऊन दारात आल्या. "काय, सापडला का चोर? का डोळेच फोडून घ्यायचेत?"

"सापडला," काका म्हणाले. "घरातलाच निघाला."

शनिवारी त्यांनी पाचही 'का' लिहिले. पाचव्याचं उत्तर: चेकशीट न बघता भरली, खाली स्वतःची सही. आणि शेवटी: टिक बंद करा, उजेड मीटरने मोजून आकडा लिहा. साहेब म्हणाले, "स्वतःला कशाला अडकवून घेता?" काकांना वॉर्निंग लेटर मिळालं. सोमवारी दिपालीचा पास गेटवर नेहमीसारखा चालला. नवी ट्यूब शिफ्ट बदलताना मीच स्टोअरमधून दिली. घ्यायला तीच आली होती.

मंगळवारी काका आले. "आता डॉक्टरचं नाव दाबा," मी म्हणालो, "बंगला जिंकलात."

"नाव सांगितलं की बंगला बंद. राहू दे."

त्यांनी दिवा लावला, एक खण उघडला, मग खिडकीशी गेले. खाली एक लांबलचक कंटेनर लाटेसारखा येऊन गेला. काकांची मान छातीवर टेकली.

खण उघडाच राहिला होता. मी त्यांच्या हाताखालून माऊस अलगद काढला आणि खण बंद केला.