युअर मॅन आत बसलाय

निखिलने मे महिन्यातली फुटबॉलची फायनल टीव्हीवर बघायला डब्लिनजवळच्या डून लेरीत समुद्राकाठी एका गेस्टहाउसची खोली घेऊन ठेवली होती. फेब्रुवारीत त्याचं हृदय बंद पडलं. मग साथ आली, युरोपातल्या क्लबांची ती फायनल ऑगस्टवर गेली आणि तिच्याबरोबर आमची खोलीही. रद्द करायला मी फोन उचलला, तर इरा म्हणाली, "डोन्ट."

इरा आमची लेक, तेरा वर्षांची. बाबा गेल्यापासून तिने त्याचा उल्लेख केला नव्हता, की एक मॅच पाहिली नव्हती. त्या एका शब्दासाठी मी निघाले.

लिमरिकहून मोटरवेने अडीच-पावणेतीन तास लागतात. टोलसाठी सुटे युरो हाताशी ठेवा. पोर्टलीशवरची साथीची बंदी नुकतीच उठली होती, म्हणून तिथे थांबून थर्मासमधला चहा आणि गार थालीपीठ. पुढे किल्डेअरमध्ये बंदी कायम. जायला मुभा, थांबायला मनाई. भर रविवारी पुढेमागे एकही गाडी नाही. कुरणातले घोडे तेवढे मान वर करून आमच्याकडे बघत होते.

गेस्टहाउसची मालकीण मॉरीन, मास्कवरचे डोळे सत्तरीचे. "निखिलचं बुकिंग ना? या. युअर मॅन आत बसलाय, मॅच लावून."

आयर्लंडमध्ये 'युअर मॅन' म्हणजे 'तो अमका', कुणीही. नवीन होते तेव्हा दुकानातली बाई म्हणाली होती, "युअर मॅन देईल काढून," आणि मी तिला सांगितलं, "नाही हो, तो ऑफिसला गेलाय." निखिल वर्षानुवर्षं ते सांगून हसायचा. म्हणजे अर्थ मला पक्का माहीत होता. तरी मी उंबऱ्यातच थांबले. इराने माझी बाही घट्ट धरली.

लाउंजमध्ये कुणीच नव्हतं.

टीव्हीतून हजारो माणसांचा गलका येत होता आणि पडद्यावर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. खिडकीजवळच्या खुर्चीतली उशी दबलेली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली. आम्ही सोफ्याच्या दोन टोकांना बसलो. मधे एक जागा राहिली.

"आई, इट्स फेक. रेकॉर्डिंग आहे ते," म्हणत इराने आवाज बंद केला.

निखिलही असाच बंद करायचा. कोल्हापूरचा तो, पेठांच्या मॅचेस बघत वाढलेला. कॉमेंट्री स्वतःच करायचा, मराठीत. आता खेळाडूंची तोंडं हलत होती आणि ऐकू येत होता तो बाहेरचा समुद्र. मग एकाचा फटका बारवरून उंच गेला.

"गेला चेंडू पंचगंगेत," इरा पुटपुटली.

निखिलचंच वाक्य, फक्त 'गेला र'मधला त्याचा कोल्हापुरी 'र' नसलेलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती पडद्याकडे बघत बोलत राहिली, अडखळत, आयरिश हेल काढत, शेवटच्या शिट्टीपर्यंत.

सकाळी मॉरीन दाराशी नाश्त्याचा ट्रे ठेवत होती. काल आत कोण होतं, ते मी विचारलंच.

"युअर मॅन? माझा भाऊ. टीव्ही जोडून मागच्या दाराने गेला."

"ऑफिसला," इरा म्हणाली आणि हसत सुटली. मग ओठ दाबून, "बाबा वुड हॅव लव्हड दॅट."

लिमरिकला परत येऊन काही आठवडे झालेत. ती वर येणारी उशी मला अजून दिसते. शनिवारी इरा मॅच लावते, आवाज बंद करते. मी सवयीने मधली जागा सोडून टोकाला बसते.

"आई, सरक ना," ती म्हणते, आणि त्या मधल्या जागेत येऊन बसते.