सोडलेला फर्मा

शिशाची अक्षरं जुळवून बांधलेला फर्मा छापून झाला की तो सोडायचा, अक्षराचा एकेक खिळा लाकडी खणातल्या आपापल्या घरात परत टाकायचा आणि मगच डबा उचलून निघायचं, ही कौतिक जुळाऱ्याची उभ्या नोकरीतली सवय. धुळ्याच्या छापखान्यात तो पोरवयात लागला. तेव्हापासून काम संपल्यावर फर्मा बांधलेला दिसला की त्याचे हात शिवशिवायचे.

सत्त्याण्णव साली मालक अभयकुमार यांनी खिळे मोडीत काढून कॉम्प्युटर आणला. पन्नाशी ओलांडलेला कौतिक तोही शिकला. पण संध्याकाळी त्याला चैन पडेना. काम संपायचं, सोडायला मात्र काही नसायचं. पडद्यावर कसल्या कसल्या प्रोग्रॅमची चित्रं तशीच बसून राहायची. पुढे मशीन हळू चालतं म्हणून जळगावच्या सुकदेवने, ज्याच्याकडून ते घेतलं होतं त्यानेच, नको असलेले प्रोग्रॅम काढून टाकणारा एक प्रोग्रॅम घालून दिला. कौतिकला हायसं वाटलं. नाव निवडायचं, बटण दाबायचं, जागा मोकळी.

त्या आठवड्यात साक्रीकडचे लोटन आबा मुलीची लग्नपत्रिका घेऊन आले. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून घरात रुसवेफुगवे चाललेले, त्यामुळे त्यांच्या चकरा संपेनात. शेवटी पडद्यावरचा मजकूर बोट फिरवत वाचून ते म्हणाले, "मोठा मामानं नाव वर शे ना? मंग बठ्ठं बराबर शे." मोठ्या मामांचं नाव वर आलं, म्हणजे सगळं बरोबर झालं. परवाच्या बाजारात सगळे सोयरे भेटणार होते. पत्रिका त्याआधी हातात हव्या होत्या.

आबा गेले. छपाईची प्लेट करायला लागणारं ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरची प्रत, सकाळी काढायचं ठरलं होतं. कौतिकच्या डोळ्यांना मराठी अक्षरांचा एक जुना प्रोग्रॅम टोचू लागला. तो शाळेच्या अहवालासाठी घातलेला, आणि अहवाल कधीच छापून गेलेला. त्याने तो काढायला घेतला. मध्येच इंग्रजीत विचारणा आली, की यातल्या काही फाइली दुसरे प्रोग्रॅमही वापरत असतील, काढू का? कौतिकला इंग्रजी जुळवता यायचं, अर्थ अर्धामुर्धाच लागायचा. त्याने होकाराचं बटण दाबलं.

निघण्यापूर्वी मामांचं नाव पुन्हा एकदा बघावं म्हणून त्याने पत्रिका उघडली. गणपतीच्या चित्राखाली नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं सांडली होती. बंद करून उघडली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तेच.

अभयकुमार आले, वाकून बघितलं आणि व्हायरस असणार म्हणाले. हल्ली सगळीकडे तेच ऐकू येतं. कौतिकने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कॉम्प्युटरच्या क्लासमधून शिकून आलेला कुणी ठेवावा, असं शेठ अलीकडे बोलू लागले होते, हेही त्याला ठाऊक होतं.

"नाही शेठ," तो म्हणाला, "जुना प्रोग्रॅम मीच सोडला. मला वाटलं, खिळे घरात जातील. इथं पत्रिकेच्या अक्षरांची घरंच गेली."

शेठ एवढंच म्हणाले, "सकाळी मशीन घेऊन जळगावला जा. अक्षरं आली तर तुम्ही आहातच. नाही आली, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

एसटीत गोधडीत बांधलेलं मशीन कौतिकच्या मांडीवर होतं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. तो गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता. शेजारच्या बाईने आत काय आहे विचारलं, तेव्हा त्याने गाठ आणखी घट्ट आवळली.

गेलेल्या फाइली परत घालायला सुकदेव एकामागून एक फ्लॉपी घालत राहिला. कौतिक बसला नाही, चहालाही हात लावला नाही. पत्रिका उघडली तेव्हा त्याने मोठ्या मामांपासून धाकट्या आत्यापर्यंत सगळी नावं मोठ्याने वाचली आणि धुळ्याला फोन लावला. शेठ म्हणाले, "लगेच निघा. ट्रेसिंग तुम्हालाच काढायचंय."

सुकदेवने विचारलं, "काका, तो काढून टाकणारा प्रोग्रॅम ठेवू?"

माऊस समोरच होता. कौतिकचा हात आपसूक पुढे गेला. त्याने तो मागे घेऊन खिशात घातला.

"नको ठेवूस," तो म्हणाला. "पण तो तूच काढ."